दारातली म्हैस

मालाडच्या तबेल्यात दूध आणायला जायचो, तिथे पालघरकडून पेंढा आणणारा एक शेतकरी भेटायचा. आधी एक पेंढी सोडून दारातल्या म्हशीपुढे टाकायचा. तिने तोंड लावलं, तरच ट्रक उतरवायचा.

त्याच्या गावात सरकारी अनुदानावर पेंढ्याचे पुठ्ठे करणारा कारखाना निघाला. तो म्हणाला, "भाऊ, म्हशीला भूक लागते. कारखान्याचं पोट सरकारनं आधीच भरलंय. तो कशाला पेंढा खाईल?"

तरी गावाबरोबर त्यानेही पेंढा तिथेच टाकला. कारखाना चाललाच नाही, पेंढा आवारात भिजत राहिला.

पावसाळ्यानंतर तो आला. काळी पडलेली पेंढी म्हशीपुढे सोडली. तिने हुंगून तोंड फिरवलं. तबेलेवाला काही बोलायच्या आत त्याने पेंढी परत बांधली आणि ट्रकवर ताडपत्री ओढली.