वीतभर उघडं खोड

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, आणि आमच्या आत्याबाईंचा हळदीतला हात अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आखाडा बाळापूरच्या आसपास हळद काय, कुणीही लावतं. पण भरणी करावी ती त्यांनीच. भरणी म्हणजे हळदीच्या बुडाशी मातीची भर घालणं. ती नीट झाली की खाली गड्डे असे पोसतात की काढणाराच दमतो. अशा बाईसमोर लग्नाच्या सातव्या वर्षी मी म्हणाले, "विहिरीजवळच्या एकरात मला संत्रा लावायचाय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लाव. चार वर्षं देते. झाडं चांगली निघाली तर एकर तुझा. न्हाई तर तिथं माझी हळद."

मी पडले हट्टी, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्याच आठवड्यात वऱ्हाडातल्या एका रोपवाटिकेत जाऊन उभी राहिले. तिथल्या म्हाताऱ्याने आधी जमीन कशी ते विचारलं. काळी, पाणी धरून ठेवणारी, म्हटल्यावर त्याने जंबेरीच्या खुंटावरची रोपं बाजूला सारली आणि रंगपूरच्या खुंटावरची पुढे केली. दोन्ही आंबट लिंबाच्याच जाती. त्यांच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळ लिंबाचं राहतं आणि फळ संत्र्याचं येतं. जंबेरीवरचं झाड झपाट्याने वाढतं, पण ओल्या काळ्या मातीत त्याची मुळं लवकर कुजतात आणि खोडातून डिंक गळायला लागतो. रंगपूर त्या मानाने चिवट.

"फक्त एक करा, बाई," म्हातारा म्हणाला. "डोळा बांधल्याचा जोड मातीच्या वर वीतभर उघडा राहू द्या. खालचा खुंट रोग सोसते, वरचं संत्र्याचं खोड न्हाई सोसत."

माझ्या चुलत दिरांनी त्याच महिन्यात शेजारच्या शेतात जंबेरीवरची झाडं लावली. वर्षभरात त्यांची छातीला लागली, माझी कमरेपाशीच. ते बांधावर उभं राहून विचारायचे, "वहिनी, तुमची झाडं अजून बालवाडीतच हायेत का?" मी म्हणायचे, "व्हय, पण तुमच्यासारखी नापास न्हाई होणार." मी हसून सोडून द्यायचे. आत्याबाईंना मात्र ते झोंबायचं, हे मला कळलंच नाही.

त्या पावसाळ्यात मी बहिणीच्या बाळंतपणाला सेनगावकडे सव्वा महिना गेले. परत आले तर आत्याबाई अंगणातच वाट बघत होत्या. मला पाणीसुद्धा पिऊ न देता शेतात घेऊन गेल्या. विहिरीजवळच्या एकरात प्रत्येक झाडाला गुडघ्याएवढा मातीचा ढिगारा घातलेला. गोल, चापून चोपून बसवलेला, देखणा. दुखऱ्या गुडघ्याने, एकटीने, आठ दिवस खपून त्यांनी माझ्या संत्र्याची भरणी केली होती.

"आता बघ कशी पोसते," त्या म्हणाल्या. "त्या बांधावरच्याचं तोंड बंद करते का न्हाई बघ."

जोड कुठेच दिसत नव्हता. गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध असलेली मी, त्या दिवशी नेमकी गप्प बसले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्या कामाला हात लावला होता, तोही इतक्या मायेने. काय तोंडाने सांगणार?

मग मी चोरून उकरायला लागले. पहाटे दूध काढायच्या आधी जायचे आणि एक ओळ मोकळी करून यायचे. दुपारी आत्याबाई ती ओळ बघायच्या, कपाळाला हात लावायच्या आणि पुन्हा भरून काढायच्या. "घूस लागली गं रानात," संध्याकाळी त्या मला सांगायच्या, "मोठी दिसते." मी मान डोलवायचे. चार दिवस हा खेळ चालला. पाचव्या पहाटे मी खुरपं घेऊन बसले होते, तोच पाठीला काठी टेकली.

"तूच व्हय ती घूस?"

मला हसू यायच्या ऐवजी रडूच फुटलं. त्यांना नुकत्याच मोकळ्या केलेल्या, शेवटच्या झाडापाशी नेलं. जोडाच्या वरची साल तपकिरी पडली होती आणि तिथून डिंकाचा थेंब लोंबत होता. म्हाताऱ्याचं बोलणं सगळं सांगितलं. आत्याबाईंनी थेंब बोटावर घेतला, वास घेतला आणि घरी निघून गेल्या. मी मनात म्हटलं, गेला एकर.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांचं अंथरूण रिकामं. धावत शेतात गेले. त्या फतकल मारून बसल्या होत्या आणि हातांनी माती ओढत होत्या.

"फावडं काहून न्हाई घेतलं, आत्याबाई?"

"साल सोलंल की." मग मान वर न करता म्हणाल्या, "आल्या दिवशीच काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी एवढ्या राबल्या होत्या. वाईट वाटलं असतं तुमाला."

"वाटलं असतं दोन दिस. मी काय मरणार होते? झाडं मरून राहिली अन् तू माझी मर्जी राखून राहिली!"

मी त्यांच्याशेजारी बसले आणि हातांनीच माती ओढायला लागले. तीन दिवसांत एकर मोकळा झाला. मोरचूद आणि चुन्याचा लेप कालवून आम्ही खोडांना फासला. डिंकाचं ते शेवटचं झाड गेलं, बाकीची सगळी तगली.

पुढच्या ओल्या वर्षी चुलत दिरांच्या झाडांना डिंक सुटला, तेव्हा लेप कसा कालवायचा ते आत्याबाईंनीच त्यांना शिकवलं, बोलणी ऐकवून. आता त्या बागेतून जाताना वाकून खोडाला वीत लावून बघतात. कुठे माती चढली असेल तर मलाच ओरडतात.

चौथं वर्ष भरलं त्या उन्हाळ्यात आत्याबाई ओटीत हळदीचं बेणं घेऊन विहिरीकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. त्या एकराच्या टोकाला, मेलेल्या झाडाच्या रिकाम्या जागी बसल्या आणि तिथे पाच-सहा गड्डे पुरले.

"एवढी जागा मला दे," त्या म्हणाल्या. "भरणीला हात शिवशिवते माझा. बाकी एकर तुझा."