सुलेखाचं डावं दार

सुलेखा आणि गुरुनाथ एकाच छपराखाली वेगळे राहतात, ही बातमी आमच्या मंडळात मी सुरू केलेली नाही. मी फक्त ती पुढे पोचवली. पुरावा रस्त्यावरूनच दिसायचा ना! घराला शेजारी शेजारी दोन पुढची दारं. एक त्याचं, एक तिचं.

खरं असं, की ती दारं घराइतकीच जुनी. अमेरिकेतल्या आमच्या या डब्लिनच्या पुढे, मक्याच्या शेतांत, दीडशे वर्षांपूर्वी एका जर्मन शेतकऱ्यानं हे लाल विटांचं घर बांधलं. उजवं दार स्वयंपाकघरात उघडतं, चिखलाच्या बुटांसाठी. डावं बैठकीत, मानाच्या पाहुण्यांसाठी. यांनी घर घेतलं तेव्हा डावं दार रंगानं पार चिकटून बसलेलं. सुलेखा आठवडाभर इन्शुरन्सच्या ऑफिसात, आणि वीकेंडला हातात स्क्रेपर. हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली तपकिरी, सगळ्याखाली अक्रोडाचं लाकूड. "अगं, नवीन ऑर्डर कर की," असं मी म्हटलं, तर बाईनं मला चहाला बोलावणंच बंद केलं. तिचा एकच हट्ट, हळदीकुंकवाला बायका याच दारातून आत यायला हव्यात.

यंदा तो दिवस उजाडला. दाराला तोरण लावलं, बर्फही फक्त त्याच दारापर्यंत काढला. आम्ही सगळ्या पोर्चवर जमलो. पलीकडच्या शेतावरच्या म्हाताऱ्या केलरबाईही आल्या होत्या. लहानपणापासून त्यांची या घरात ये-जा. त्या कौतुकानं म्हणाल्या, "उघडलंत की हे दार! पूर्वी यातून पाद्री यायचा, नवरी यायची आणि शवपेटी जायची."

सगळ्यांना ऐकू आली फक्त शवपेटी. डब्लिनच्या अपार्टमेंटमधून आलेल्या मंजुषामावशींनी उचललेला पाय मागे घेतला. झालं, अख्खी रांग वळली, बर्फ तुडवत उजव्या दारानं थेट स्वयंपाकघरात. ओले बूट गूळपोळ्यांच्या डब्याशेजारी. बैठकीत समई, फुलं, मांडलेल्या खुर्च्या, आणि अत्तरदाणी धरून एकटा गुरुनाथ.

"निदान आतून तरी बैठकीत चला," सुलेखा म्हणाली. कुणी हलेना.

"किती वीकेंड घातले मी त्या दारावर, माहितीये?"

मावशी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "राग मानू नकोस गं. पण प्रेतं गेली त्या दारातून. खिळे ठोकून बंद करून टाक."

सुलेखानं कुंकवाचा करंडा ओट्यावर आपटला.

"मावशी, तुमच्या अपार्टमेंटला एकच दार आहे. तुमच्याकडची माणसं काय खिडकीतून नेणार?"