ब्लॉगचं बेसणं

भित्र्या माणसाचं निर्भीड लेखन तुम्ही कधी वाचलं आहे का? नसेल, तर तुम्ही माझ्या मामाचा ब्लॉग वाचलेला नाही. अख्ख्या बडोद्यात त्याच्याइतका घाबरट माणूस नाही आणि त्याच्या लेखांइतकं बेडर मराठीही नाही.

मामा कुत्र्याला भितो, लिफ्टला भितो, कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की गॅलरीत जाऊन उभा राहतो. पिशवीत सडका टोमॅटो पडला तरी भाजीवाल्याला काही बोलत नाही. घरी येऊन ब्लॉगवर लिहितो. वाडीतलं तुंबलेलं गटार, नातवंडांशी फक्त हिंदीत बोलणारे मराठी आजोबा, त्यानं कुणालाच सोडलं नाही. मात्र लेख टाकण्याआधी तो खंडेराव मार्केटात शारदाबेनच्या भाजीच्या गाळ्यावर जायचा आणि अख्खा लेख तिला गुजरातीत करून ऐकवायचा. भाजी निवडता निवडता ती हसली, की लेख पास. नाही हसली, तर मामा ओशाळून मेथी घेऊन परत. मामी पिशवीत डोकावून म्हणायची, "आज पण मेथी? म्हणजे पडला लेख."

मी चळवळीतल्या बाबांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलेली मुलगी. मी चिडायचे. "मामा, नाव घेऊन लिही ना."

"बेटा, नाव घेतलं की माणूस घरी येतो."

कोपऱ्यावरचा कडुनिंब तोडला गेला, त्यावर लिहितानाही त्यानं तोडणाऱ्याचं नाव घेतलं नाही. तरी फोन आलाच. गोड आवाज होता म्हणे. "काका, तमारो ब्लॉग बहु सरस छे. तमारुं घर पण जोयुं छे अमे." ब्लॉग छान आहे, घरही पाहिलंय. बस, एवढंच. मामानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला भित्रा म्हटलं नाही. उठून खिडकी लावली.

ब्लॉग पुसायचा, हे त्यानं त्याच दिवशी ठरवलं. पण चोरून नाही, रीतीनं. आमच्याकडे माणूस गेला की गुजराती शेजाऱ्यांसारखं बेसणं ठेवतात: पांढरे कपडे, हार घातलेला फोटो, थोडा वेळ बसायचं, हात जोडून निघायचं. मामानं शेवटचा लेख लिहिला: "रविवारी चार ते सहा, राहत्या घरी बेसणं." कुणाचं, ते सवयीप्रमाणे लिहिलं नाही.

रविवारी मी गल्लीत वळले आणि मामाच्या दारात चपलांचा ढीग, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे दिसले. मला तो फोन आठवला. पळत दारापर्यंत पोचले, तर मामा स्वतः पांढऱ्या झब्ब्यात उभा राहून लोकांना पाणी देत होता. "या, बसा." फोटोच्या जागी लॅपटॉप, त्याला झेंडूचा हार. मामासाठी हार आणलेले एक गृहस्थ तो मांडीवर घेऊन बसले होते. मामी म्हणाली, "बेसण्याला चहा करत नाहीत. पण मयतच पाणी वाटतंय, तेव्हा टाकते."

सगळे हसले. शारदाबेन हसली नाही. "काका, तमे जीवता छो, तो लखाणने शेना मारो छो?" तुम्ही जिवंत आहात, मग लिखाणाला का मारता?

मामानं लॅपटॉपवरचा हार सरळ केला. "बीक लागे छे, बेन." भीती वाटते.

"मने पण लागे," ती म्हणाली, आणि सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.

सोमवारी मामानं ब्लॉग पुसला. त्याआधी शारदाबेनला आवडलेले लेख मी काढून ठेवले होते. छापू का, विचारलं. म्हणाला, "छाप. माझं नाव नको." आता तो संध्याकाळी मार्केटात जातो, ऐकवायला काही नसतं, रोज मेथी आणतो. मामी पिशवीत डोकावत नाही. हे लिहिताना मीही दाराची कडी दोनदा पाहून आले आहे.

पण वाटलेलं पत्रक परत गोळा करता येत नाही, एवढं मी घरी शिकले. तुमच्या हातातला हा कागद उलटून बघा. मागे कडुनिंबाचा लेख आहे. घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. ते हसले, तर कागद शेजारी द्या. कुणी लिहिलं असं विचारलं, तर माहीत नाही म्हणा.