अर्ध्या दाढीवरच्या सह्या

माझ्या दिरांना राग येत नाही, असं गल्लीत सगळे म्हणतात. साफ खोटं. त्यांना राग येतो, पण तो ओठांपर्यंत पोचतो तोवर समोरच्याची दाढी उरकून तो माणूस घरी जाऊन जेवायलाही बसलेला असतो. माझं तसं नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. म्हणून हे मी लिहिते आहे, ते नाही.

आमचं दुकान एक आणि धंदे दोन. रस्त्याच्या बाजूला भावजींचं सलून: दोन खुर्च्या, कोपऱ्यात तडकलेला एक आरसा, तुरटीचा खडा आणि रेडिओ. मध्ये पडदा. पडद्यामागे माझं शिलाई मशीन. माझे यजमान गेले तेव्हा भावजींनी स्वतःच्या हातांनी हा पडदा टांगला आणि म्हणाले, "वहिनी, मागची बाजू तुमची." एवढंच. त्यांची बायको त्याच्या आधीच गेली होती आणि त्यांची मुलगी मशीनच्या चाकाशी खेळत माझ्याच पायाशी वाढली. मला काकू म्हणते, पण हट्ट आईकडे करावा तसा करते.

भावजींची देवावर किती श्रद्धा आहे ते मला ठाऊक नाही. खुर्चीवर मात्र पूर्ण होती. "वहिनी, माणूस मान मागे टाकून डोळे मिटतो ना, तेव्हा खरं बोलतो," असं ते नेहमी म्हणायचे. पडद्यामागून मी ते खरं रोज ऐकत होते. सगळे वाघ. सरकार असं पाहिजे, साहेब तसा पाहिजे, एकेकाला उभा चिरला पाहिजे. मग अंगावरचं कापड झटकलं की वाघ उठायचे आणि केस कानावर नीट बसले का ते बघत घरी जायचे.

आता पाण्याचं सांगते, आणि जेवत असाल तर आधी ताट बाजूला ठेवा. आमच्या गल्लीचा नळ सकाळी आधी खोकतो, मग थुंकतो. पहिल्या दोन बादल्या पिवळ्या, त्यात केसांसारखे काळे धागे. नंतर पाणी दिसायला स्वच्छ होतं, पण वास जात नाही. कारण आमच्याकडे येणारा पाइप गल्लीच्या गटारातून येतो. गटाराच्या शेजारून नाही, आतून. गटार ओसरलं की तो उघडा दिसतो, गंजलेला, जागोजागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि चिंध्या गुंडाळलेला. त्या चिंध्यांवर काय काय चिकटलेलं असतं ते मी लिहीत नाही. लोक त्यावरून ढांग टाकून जातात आणि नाकाला रुमाल लावतात, जणू घाण दुसऱ्या कुणाच्या तोंडात जाणार आहे.

आम्ही पाणी उकळून पितो. पण भांडी, आंघोळ, चूळ, सगळंच कुठवर उकळणार? गेल्या वर्षी मला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, आणि अन्नाचं नाव काढलं तरी ओकारी. तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भावजींना म्हणाल्या होत्या, "तुमच्या वहिनी निभावल्या. पोटुशी बाई असती तर मी काही सांगू शकले नसते."

आणि यंदा मुलीला दिवस गेले. जावई जहाजावर, सहा-सात महिने दर्शन नाही. सासरी मागेपुढे कुणी नाही. परगावी भाड्याच्या एका खोलीत ती एकटी. रोज फोन. "काकू, मला घरी यायचंय. बाळ तुझ्या हाताखाली होऊ दे." मी हो म्हणत होते. भावजी फोन हातात घ्यायचे, बादलीकडे बघायचे आणि म्हणायचे, "येशील गं. पाइप बदलला की लगेच." ती विचारायची, कधी बदलणार? मग ते म्हणायचे, "हे काय, अर्जच करतोय."

आणि त्यांनी खरोखरच केला. मजकूर लिहून दिला पेन्शनरकाकांनी. हे काका कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. घरात मीठ संपलं तरी बायकोला 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणतील. सह्या गोळा करायचं काम भावजींनी आपल्या पद्धतीनं केलं. दारोदार फिरायचा त्यांचा स्वभाव नाही. एक गाल झाला की ते वस्तरा पुसून खाली ठेवायचे, पाण्याचा विषय काढायचे, गिऱ्हाईक तावातावानं बोलायला लागलं की फळीवर लावलेला कागद पुढे धरायचे. कापडाखालून हात बाहेर यायचा, सही व्हायची, मग दुसरा गाल. त्या कागदांवर अजून फेसाचे डाग असतील. एकानंही नाही म्हटलं नाही. किराणावाल्यानं तर नावापुढे शिक्काही मारून आणला. भावजी इतके खूश की रात्री फोनवर लेकीला म्हणाले, "अख्खी गल्ली आहे आपल्या मागं."

अर्ज गेला तसा मेंबर जागा झाला. मेंबर म्हणजे आमच्या वॉर्डातून निवडून आलेला गृहस्थ. माणूस मोठा गोड. कुणाशी भांडत नाही, कुणाला नाही म्हणत नाही. त्यानं आधी गटाराच्या कठड्याला निळा रंग लावून घेतला आणि त्यावर स्वतःचं नाव टाकलं. आत घाण, वर नाव. मी म्हटलं, चला, निदान एकदा तरी बरोबर पाटी लागली. मग तो एकेकाच्या घरी चहाला जाऊन आला. किराणावाल्याच्या दुकानाच्या पायऱ्या गटारावर पुढे आलेल्या आहेत. त्याला म्हणाला, पाइप बदलायचा तर खोदावं लागेल, पायऱ्या जातील हो. पेन्शनरकाकांचा मुलगा वॉर्ड ऑफिसात कंत्राटावर चिकटलेला. त्यांना म्हणाला, तुमच्या चिरंजीवांचं काम उत्तम चाललंय. बस्स. एवढ्यावर भागलं. धमकी नाही, शिवी नाही. माणूस इतका स्वस्त असतो हे मला माहीत होतं, पण आमची गल्ली सेल लावून बसली असेल असं वाटलं नव्हतं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. मी मागे, बायकांच्यात. टेबलामागे पाणी खात्याचे अधिकारी आणि त्यांच्या शेजारी मेंबर. टेबलावर बाटलीबंद पाणी होतं, हे सांगायला नकोच. अधिकाऱ्यांनी अर्ज उचलला आणि पहिलं नाव वाचलं. पेन्शनरकाकांचं.

"ही सही आपली?"

काका उभे राहिले, कोट सारखा केला आणि हसत म्हणाले, "सही आमचीच साहेब, पण अर्धी दाढी झाली होती आणि वस्तरा त्यांच्या हातात होता. नाही कसं म्हणणार?"

हॉल हसला. मेंबर हसला. साहेबही हसले. मला वाटलं, झाला विनोद, आता पुढचं बोलतील. पण काका खाली बसले. ज्यानं तो अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, 'नागरिकांच्या जीविताशी खेळ' हे शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा वळणदार काढले, तो माणूस रुमालानं चष्मा पुसत खाली बसला.

आणि मग काय, एका मेंढरामागून सगळी मेंढरं. किराणावाला म्हणाला, "माझंही तसंच झालं साहेब, मान त्यांच्या हातात." त्याच्या मागचा म्हणाला, "आपण आपलं गळा वाचवायला सही केली." दर नावाला हशा. पुढे पुढे तर लोक आपली पाळी यायच्या आधीच हसायला लागले. साहेब एकेक नाव लाल पेन्सिलीनं खोडत गेले. खोटं बोलणारा माणूस मी पाहिलेला आहे. पोट आहे, भीती आहे, समजू शकते. पण आपली लाचारी चुटका करून सांगायची आणि वर टाळ्या घ्यायच्या, याची किळस अजून माझ्या जिभेवरून गेलेली नाही.

भावजी उभे राहिले. इस्त्रीच्या शर्टाची बाही ओढली आणि परत खाली बसले. त्यांच्या हातातला वस्तरा कधी कुणाच्या कानाची पाळीसुद्धा ओरखडला नव्हता.

मग मी उठले. म्हटलं, "साहेब, या पुरुषांनी आयुष्यात एक बादली भरलेली नाही. पाणी आम्ही भरतो. वास आमच्या हातांना येतो. विचारायचं तर आम्हाला विचारा." आजूबाजूच्या बायका "हो, हो" करून उठल्या.

साहेबांनी कागद उलटेपालटे केले. अगदी नम्रपणे विचारलं, "ताई, आपली सही यावर कुठे आहे?"

नव्हती. माझी नव्हती, कुठल्याच बाईची नव्हती. सलूनच्या खुर्चीत बाई बसत नाही, म्हणून कागद बाईपुढे आलाच नाही. पडद्यापलीकडे मी दिवसभर मशीन चालवत होते, आणि भावजींना पडदा बाजूला करायचं सुचलं नाही. "मग आपण अर्जदार नाही," साहेब म्हणाले आणि बाटलीचं झाकण उघडलं.

घरी येऊन मी त्यांना सोडलं नाही. "पाण्याचा अर्ज आणि त्यावर नुसत्या मिशा? अहो, मी काय पडद्यामागची खुंटी होते?" ते भिंतीकडे बघत म्हणाले, "चुकलंच माझं, वहिनी. मला वाटलं, घरचा पुरुष बोलला म्हणजे घर बोललं." मला त्यांची कीव आली आणि चीडही आली. दोन्ही एकदम येतात तेव्हा भांडी फार जोरात घासली जातात.

दुसऱ्या दिवसापासून कागद मी घेतला. मापं द्यायला बाई आली की आधी सही, मग टेप. मशीनवर सुई चालू ठेवली नव्हती, हे मुद्दाम सांगते. उद्या कुणी म्हणेल, सुई टोचीन म्हणून धमकावलं. अर्ज दिला, पोच मिळाली. त्यानंतर वाटाण्याच्या अक्षता. आज साहेब रजेवर, उद्या साहेब दौऱ्यावर, परवा साहेबांची बदली.

पोटातलं बाळ काही साहेबांच्या बदलीसाठी थांबत नाही. एका संध्याकाळी लेकीचा फोन आला, "बाबा, या आठवड्यानंतर प्रवास करू नको म्हणतात डॉक्टर. सांगा, येऊ की नको? आजच सांगा." भावजी नळाजवळ गेले. चालू केला. ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला, एखाद्या फुलाचा घ्यावा तसा, जवळून. मग फोनमध्ये म्हणाले, "नको येऊस." फोन मात्र त्यांना ठेवता येईना. दिवस भरत आले तशी मी पिशवी भरली, पण मी पोचायच्या आधीच ती दवाखान्यात गेली होती, तेही घरमालकिणीच्या शेजारणीबरोबर, जिचं नाव तिला नीट माहीत नव्हतं. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पण मला बघून लेक एवढंच म्हणाली, "काकू, मी सारखी दाराकडे बघत होते गं." मी महिनाभर तिथं राहिले. भावजी आले नाहीत. धंद्याचं कारण सांगायचे. खरं कारण आम्हा दोघींना कळत होतं. लेकीला तोंड कसं दाखवायचं?

मी परत आले तर गल्ली खोदलेली! झालं होतं असं, की गल्लीच्या टोकाची मोकळी जागा मेंबरच्या मेव्हण्यानं घेतली. तिथं इमारत उठणार, आणि मेव्हणा काही गटाराचं पाणी पिणार नव्हता. आठ दिवसांत नवा पाइप पडला, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं. किराणावाल्याच्या पायऱ्यांना धक्कासुद्धा लागला नाही. उद्घाटनाला मोठा फलक लागला, 'नागरिकांच्या आग्रही मागणीनुसार'. मेंबरनं चावी फिरवली, पाणी आलं, काचेसारखं. नाकारायचं कशाला, पाणी चांगलं होतं. मी घरी नेऊन दोनदा वास घेतला.

त्या दुपारी मेंबरच्या आभाराचं पत्र सलूनमध्ये आलं. अक्षर पेन्शनरकाकांचं. खाली सह्यांची रांग. या वेळी सगळ्यांचे दोन्ही गाल कोरडे होते. वस्तरा पेटीत बंद होता. काकांनी पेन भावजींच्या हातात कोंबलं आणि पाठीवर थाप मारली.

"कर सही. सुरुवात तुझीच होती रे, आम्ही काय विसरलो का? आता आण बाबा पोरीला घरी."

भावजी म्हणाले, "तिची सुटका झाली. महिना होऊन गेला. परक्या गावात, परक्या बाईच्या हाताला धरून."

काकांचा चेहरा खरंच फुलला. त्या फुलण्यात कपट नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात घाणेरडं वाटलं. ते दारात उभ्या असलेल्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "अरे वा! आजोबा झाला की आपला सलूनवाला! मग तोंड गोड कर की आमचं!"

दारातले सगळे हसले. भावजींनी पेन टेबलावर ठेवलं, भिंतीवरची पिशवी काढली, दोन शर्ट त्यात घातले आणि शटरची काठी हातात घेतली.

"बाहेर व्हा," ते म्हणाले. "मला नातीला बघायला जायचंय."