नख लावून बघा

साहेब बोलायला लागले की मला स्टोव्ह बंद करावा लागे. इतका खालचा आवाज मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही. माझी बोईसरची खानावळ म्हणजे दोन खोल्या आणि मागची पडवी. तिथे कारखान्यातली चाळीसएक माणसं पाळीपाळीने जेवायची आणि त्यांच्या गलबल्यात साहेब कोपऱ्यातल्या पाटावर बसून काहीतरी पुटपुटायचे. त्यांना चटणी हवी आहे की ते माझं कौतुक करताहेत, हे कळायला मार्ग नसे. शेवटी मी दोन्ही वाढायची.

ते मूळचे घाटावरचे. पूर्वेकडच्या डोंगरपाड्यांवर कसल्याशा विकास प्रकल्पाचं काम निघालं होतं, त्याचे ते अधिकारी. ओढ्यावर बांध घालायचा, पाण्याचं इंजिन बसवायचं आणि भात निघाल्यावर मोकळ्या पडणाऱ्या तुकड्यांत भाजी लावायची, असा बेत होता. प्रकल्पाची एक जीप होती, पण ती बहुधा गॅरेजात असे, म्हणून साहेब सायकलवर फिरत. जेवताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "वहिनी, ही भाजी कुठली?"

"बाजारातली."

"बाजारात कुठून आली?"

"मला काय ठाऊक? नाशकाहून आली असेल."

मग ते मान हलवत म्हणायचे, "इथे हाकेच्या अंतरावर जमीन पडून आहे आणि आपण नाशिकचा कोबी खातोय." हाकेचं अंतर ज्याला हाकच मारता येत नाही त्या माणसाने सांगावं, याची मला गंमत वाटे.

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "आधी गिऱ्हाईक, मग बियाणं." दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते एका वारली बाईला घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, या जानकीबाई. या तुम्हाला दुधी देणार आहेत."

"द्या की. कुठे आहे?"

"तीन महिन्यांनी."

मी कपाळाला हात लावला. "साहेब, मला आज रात्रीच्या भाजीची पडलीय!"

जानकी पदर तोंडाला लावून हसली. मग मात्र गंभीर झाली. दरवर्षी दिवाळी झाली की पाड्यावर मुकादमाचा ट्रक यायचा आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर जायची. जानकीही नवरा, मुलगी, भांडीकुंडी घेऊन त्यात चढायची. यंदा तिने मुकादमाला नाही म्हणून सांगितलं होतं. "पोरगी तिसरीत हाय बाय," ती मला म्हणाली. "दर साली भट्टीवर नेली का मागचा सगला विसरते. साहेब बोलला दुधी लावा, म्हनून ऱ्हायलो." तिच्यामागे सगळा पाडाच राहिला होता. मी दुधी घ्यायचं कबूल केलं. करते काय, साहेब इतक्या हळू विचारायचे की नाही म्हणायला जीव होत नसे.

साहेबांनी पाड्याला नीट समजावून सांगितलं होतं की एकदम लावू नका. आधी काही घरांनी लावा, पंधरा दिवसांनी बाकीच्यांनी, म्हणजे दुधी थोडा थोडा निघत राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकाच दिवशी सगळ्या पाड्याने लावून टाकला. तिकडची रीतच तशी. आज सगळे मिळून याच्या शेतात, मग सगळे मिळून त्याच्या. साहेबांनी विचारलं तेव्हा जानकी म्हणाली, "एकाचा वावर भरलेला नि शेजाऱ्याचा उघडा, ह्या बरा दिसंल काय?"

माघात एका सकाळी माझ्या दारात तीन बैलगाड्या उभ्या राहिल्या. तिन्हींत दुधी. पडवीत दुधी, खाटेखाली दुधी, पाण्याच्या पिंपावर दुधी. पहिल्या दिवशी दुधी-चणाडाळ केली तेव्हा पांडे नावाचा वेल्डर म्हणाला, "भाभीजी, घर की याद आ गई." मग कोफ्ते झाले, थालीपीठ झालं, हलवा झाला. चौथ्या दिवशी तोच पांडे ताट पुढे सरकवून म्हणाला, "भाभीजी, अब तो सपने में भी लौकी आती है." इकडे पाड्यावर वेल थांबायला तयार नव्हते आणि मुकादम निरोप धाडत होता की दुसरा ट्रक येतोय, अजून वेळ गेलेली नाही.

साहेब आले आणि दुधीच्या ढिगाकडे बघत राहिले. "चूक माझीच," ते म्हणाले. "मी शेत कागदावर पेरलं." मग एक टोपली स्वतः उचलून ते जानकी आणि पाड्यावरच्या बायकांबरोबर औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर गेले. पहिली पाळी सुटायची वेळ होती. तमाशा बघायला मीही गेले, खोटं कशाला बोलू!

बायका टोपल्या पुढ्यात घेऊन खाली मान घालून बसल्या. ओरडून माल विकायची त्यांना सवय नव्हती. पलीकडे सुके बोंबील विकणारी किनाऱ्यावरची सावित्रीमावशी अशी ओरडत होती की बसमधून उतरणारा माणूस आपोआप तिच्याकडे वळे. थोडा वेळ तिने हे मुकं दुकान पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून साहेबांना म्हणाली, "ओ साहेब, मुका माल कोन घेल? तोंड उघडा की जरा!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. घसा खाकरला. आणि मग त्या माणसाच्या पोटातून कुठून कोण जाणे, आरोळी निघाली. "कोवळाऽऽ दुधी! नख लावून बघाऽऽ!"

आवाज मधेच फाटला. सगळा नाका वळून बघायला लागला. जानकी तर हसून हसून टोपलीवर वाकली. साहेब लालबुंद झाले, पण थांबले नाहीत. पुन्हा ओरडले, परत ओरडले. लोक आले, नख लावून बघू लागले, घेऊ लागले. पांडे दिसला तेव्हा मला वाटलं आता हा पळणार, पण त्याने एक टोपली डोक्यावर घेतली आणि "ताजी लौकी" म्हणत कामगारांच्या खोल्यांकडे निघाला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा घसा पार बसला, तेव्हा जानकी ओरडली. शब्द तेच, सूरही तोच, मधे फाटणारा.

मुकादमाचा ट्रक आला, हॉर्न वाजवत बराच वेळ उभा राहिला. जानकी वाफ्यात होती. तिथूनच तिने सांगितलं, "आमचा पानी चालू हाय. नाय येत." ट्रक रिकामाच गेला. ही बातमी मला सांगताना साहेबांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. मी स्टोव्ह बंद केला, तरी ऐकू येईना. मग लक्षात आलं, ते बोलतच नव्हते.

पुढल्या वर्षी त्यांनी पाड्याची रीतही राखली आणि आपला हिशेबही. प्रत्येक वावराचे तीन भाग केले, एकात दुधी, एकात वाल, एकात भेंडी. कुणाचंच वावर उघडं नाही. माझ्या खानावळीवर उपकारच झाले म्हणायचे.

काही वर्षांनी प्रकल्प संपला आणि साहेबांना दुसऱ्या जिल्ह्यात धाडलं. आम्ही त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. गाडी सुटताना ते खिडकीतून मला काहीतरी म्हणाले, आणि नेमकी त्याच वेळी पलीकडच्या रुळावरून मालगाडी धडधडत आली. मी "काय? काय म्हणालात?" म्हणून ओरडत राहिले. ते नुसतेच हसले. पुढे ते वारल्याचं कळलं तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं आणि फार रडू आलं. एवढं एक वाक्य ऐकायचं राहून गेलं.

त्यानंतर कधीतरी पालघरच्या बाजारातून जात होते. मागून आवाज आला, "कोवळाऽऽ दुधी! नख लावून बघाऽऽ!" बरोबर त्याच जागी फाटलेला. वळून पाहिलं तर जानकीची मुलगी. तीच ती, तिसरीतली. आता चांगली शिकलेली, हाताखाली दोन माणसं, आणि पुढ्यात सगळ्या पाड्याचा माल.

"अशी का गं ओरडतेस?" मी विचारलं.

"असाच वरडायचा असते, काकी," ती म्हणाली. "आई असाच वरडते."

आमच्या घरी दुधी आता कुणाला नावालाही चालत नाही. मी दोन घेतले, नख न लावता.