कुंकू लावून भरलेली बस

आमच्या विजयनगरात हल्ली गाडी लावायला जागा नाही म्हणून शेजारी शेजाऱ्याशी भांडतो. बाकीचे वैतागतात, मला मात्र ती भांडणं ऐकून बरं वाटतं. मी इथे राहायला आले तेव्हा भांडायला माणूसच नव्हता.

म्हैसूरच्या पश्चिमेला नव्या वसाहतीचं हे लेआउट पडलं तेव्हा आधी पाट्या आल्या आणि मग घरं. आमच्या क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, पाटी होती, दोन्ही बाजूंना साइटच्या हद्दीचे दगड होते आणि घर एकच, आमचं. दगडांचा खरा उपयोग गुराख्यांना होत असे. ते त्यांना म्हशी बांधत. दारात उभं राहिलं की थेट चामुंडी टेकडी दिसायची. आता समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसते.

माझं वय तेव्हा अठ्ठावीस होतं आणि अक्कल साधारण आठ वर्षांची. लोकांना मी सांगत असे, "मोकळी हवा आहे, मुलीच्या तब्येतीला चांगलं." सगळं खोटं. मी आले होते स्वयंपाकघरासाठी. गावातल्या, म्हणजे जुन्या म्हैसुरातल्या, सासरच्या घरात आम्ही नऊ माणसं आणि चूल एक. त्या चुलीपाशी मी सात वर्षं कांदे चिरले, पण फोडणी एकदाही माझ्या हातून पडली नाही. फोडणी सासूबाईंची. नव्या घरात पहिल्याच दिवशी मी मोहरी जाळून कोळसा केली आणि कोणी काही बोललं नाही. त्या करपलेल्या वासात मी पाच मिनिटं राणीसारखी उभी होते.

पण राणीच्या राज्याला एक अट होती. मुलीची शाळा गावात. हे तिला स्कूटरवरून शाळेत सोडत आणि मग उलटे फिरून मेटगळ्ळीला कारखान्यात जात. जूनपासून यांची पहिली पाळी लागणार होती, म्हणजे पहाटेच घर सोडायचं. येताना हे मुलीला आणू शकत, पण सकाळी शाळेत कोण नेणार? सिटी बस पाण्याच्या टाकीपाशीच थांबायची आणि तिथून आमचं घर झुडपांतून अर्धा तास.

सासूबाईंनी निकाल दिला. "शाळा उघडेपर्यंत तिकडे बस आली तर राहा. नाही आली तर घर भाड्याने द्या आणि या परत. सुम्ने हट्ट नको." सुम्ने म्हणजे उगाच, आमच्या म्हैसुरी मराठीत असे कानडी शब्द तांदळातल्या खड्यांसारखे सापडतात, आणि आम्ही ते न निवडताच शिजवतो.

सासरे शेजारी पेपर वाचत होते. आमच्या घराण्यातला कोणी मूळपुरुष राजाच्या फौजेत होता, याचा त्यांना दररोज नव्याने अभिमान वाटे. "आपली माणसं इथवर घोड्यावर बसून आली," ते पेपराआडून म्हणाले, "आणि सूनबाईंना टाकीपासून चालवत नाही."

"मग एक घोडा द्या," मी म्हणाले. मनात. तोंडाने म्हणायची हिंमत पुढे वीस वर्षांनी आली.

आम्ही लेआउटमधल्या पंधरावीस घरांनी मिळून अर्ज केला आणि नवल म्हणजे बस आली! तीन महिन्यांच्या बोलीवर. सकाळी दोन फेऱ्या, एक साडेआठची, एक अकराची. पुढे ती ठेवायची की नाही, हे माणसं किती बसतात त्यावर ठरणार होतं.

पहिल्या आठवड्यात मी खिडकीतून पाहत होते. अकराची बस आमच्या क्रॉसच्या टोकाच्या सर्कलला वळसा घालून रिकामी परत जायची. कंडक्टर मागच्या सीटवर पाय पसरून बसलेला. मला बस जाताना दिसत नव्हती, माझी चूल जाताना दिसत होती.

तेव्हा मी पिरियापट्टणच्या अक्काकडे गेले. दोन क्रॉस पलीकडे राहायची, वडिलांची तंबाखूची शेती, आवाज शेत ओलांडून जाईल असा. मी तिला माझी योजना सांगितली. आम्ही बायकांनी पाळी लावून बसमध्ये बसायचं. काम असो नसो, गावात जायचं आणि परत यायचं. बस भरलेली दिसली पाहिजे.

"कोण येईल री, सुम्ने बसमध्ये बसायला?" अक्का म्हणाली.

"कुंकू लावून बोलावू," मी म्हणाले.

आमच्या गावची ही रीत. घरात मंगळागौर असो, बाहुल्यांची आरास असो, बाई कुंकवाची डबी घेऊन दारोदार जाते, कपाळाला बोट लावते आणि म्हणते, या. मग नाही म्हणायचं नसतं. ताप असला तरी माणूस पाच मिनिटं येऊन जातं. लग्नाला, बारशाला, पूजेला कुंकू लावून बोलावलेलं मी पाहिलं होतं. सिटी बसमध्ये बसायला बोलावणारी मी पहिलीच असेन.

नेसले रेशमी साडी, घेतली डबी आणि निघाले भर उन्हात. प्रत्येक दारात एकच भाषण. सार्वजनिक हित, लेआउटचा विकास, येणाऱ्या पिढ्या. स्वयंपाकघराचा उल्लेख कुठेही नाही. बायका कपाळ पुढे करत आणि विचारत, "किती वाजता यायचं?" कुंकवाला बोलावलेली बाई स्वयंपाक आवरून, वेणीफणी करून निघते. तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "अकराला."

या उत्तरावर मी किती खूश होते! कोणाची गैरसोय नाही. लक्षात ठेवा हं, अकरा.

एक घर मी टाळलं. कोपऱ्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत, सगळे त्यांना टीचरम्मा म्हणत. नवरा वारलेला. डबी घेऊन त्यांच्या दारात जायचं कसं, म्हणून मी मान खाली घालून पुढे गेले. स्वतःला फार सुधारलेली समजत असे मी, बी.ए. होते. दुसऱ्या दिवशी अकराच्या बसला टीचरम्मा सर्वांच्या आधी येऊन उभ्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुझ्या डबीत मला जागा नसेल अम्मा. बसमध्ये आहे ना?" मी अजून कधी कधी पोळ्या लाटताना ते वाक्य आठवून एकटीच लाजते.

मग काय विचारता. रोज अकराला सर्कलपाशी दहाबारा जणी, केसांत मल्लिगेचे गजरे, हातात पिशव्या. मार्केटमध्ये कोथिंबिरीची एक जुडी घ्यायला सहाजणी जात. नंजनगूडची केळी आणली तर येताना बसमध्येच संपत, ड्रायव्हरलासुद्धा दोन मिळत. अक्का मागच्या सीटवरून पुढच्या सीटवरच्या बाईला सांबाराची कृती सांगे आणि मधल्या सगळ्या जणी त्यात दुरुस्त्या करत. कोणी लोकरीचं विणायला घेतलं. दोघींची महिनाभराची बोलाचाली बंद होती; पाळीने एकाच बाकावर बसावं लागलं, आणि टाकी यायच्या आत ती सुरू झाली. बहुतेक जणी त्यापूर्वी नवऱ्याशिवाय किंवा सासूशिवाय गावात गेल्याच नव्हत्या. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त सीटा भरलेल्या दिसत होत्या.

तीन महिने संपले, निकाल आला. कंडक्टरनेच सांगितला, मोठ्या आनंदाने. "अभिनंदन अम्मा! तुमची अकराची बस कायम. इतकी माणसं दुसऱ्या कुठल्या लेआउटला नाहीत."

"आणि साडेआठची?"

"ती बंद. तिला कोण असतं?"

मी तिथेच सर्कलच्या कट्ट्यावर बसले. साडेआठला कोण असणार? मुलं मोजकी. पुरुष सायकली, स्कूटरी काढून मेटगळ्ळीला जाणारे. आणि ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप, ती माझी मुलगी त्या तीन महिन्यांत एक दिवसही साडेआठच्या बसमध्ये बसली नव्हती! तिला जूनपर्यंत बाबांची स्कूटर होती ना. दहा बायकांना कुंकू लावणाऱ्या मला स्वतःच्या पोरीला त्या बसमध्ये बसवायचं सुचलं नव्हतं.

घरी यांना सांगितलं. हे आधी गंभीर राहिले. मग म्हणाले, "शाळेची वेळ अकरा करता येते का, विचारून बघ." आणि खोलीत जाऊन हसले. भिंती नव्या होत्या, पातळ होत्या. सगळं ऐकू आलं.

शाळा उघडायला तीन आठवडे होते. मी, अक्का आणि टीचरम्मा, तिघी बस डेपोच्या ऑफिसात गेलो. साहेब वयस्क होते, चष्मा कपाळावर चढवलेला. मी सार्वजनिक हितापासून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "अम्मा, अकराच्या बसमधल्या किती जणींना खरंच गावात काम असतं?"

अक्का म्हणाली, "दोघींना. एकीच्या दातांचं काम चाललंय."

साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि आमच्याकडे नीट पाहिलं. हसले नाहीत, पण चहा मागवला. "गाडी एक आहे. साडेआठ किंवा अकरा, काय ते ठरवा. पण अकराला बसणाऱ्या सगळ्यांच्या सह्या आणा. नाहीतर उद्या त्याच बायका माझ्या दारात येतील."

एवढंच ना, असं मला वाटलं. टीचरम्मांनी तिथेच सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. मी तो घेऊन दारोदार गेले आणि पहिल्याच दारात आपटले.

"अकराची बस बंद? अय्यो, का?"

दुसऱ्या दारात, "मी नाही सही करणार. तूच कुंकू लावून बसवलंस, आता तूच उतर म्हणतेस?"

तिसरीने दार अर्धं लावून सांगितलं, "तुझ्या मुलीची शाळा आहे गं. माझं काय आहे? अकरा ते एक, एवढंच आहे."

हे ऐकून मी निमूट घरी आले. स्वयंपाकघरात उभी राहिले, ज्याच्यासाठी एवढं केलं त्या माझ्या ओट्यापाशी. मला माझी चूल हवी होती, तशी त्यांनाही घराबाहेर एक सीट हवी होती आणि ती मीच, चुकून, दिली होती. सह्या मागायला मला तोंड राहिलं नव्हतं. दोन दिवस मी सामानाची खोकी मोजत बसले, परत जायला किती लागतील म्हणून.

तिसऱ्या दिवशी टीचरम्मा आल्या. "रडून झालं?" त्यांनी विचारलं. "मग सगळ्यांना बोलाव. आणि खरं सांग. येणाऱ्या पिढ्या वगैरे नको."

या वेळी डबी न घेता गेले, त्यांच्या दारापासून सुरुवात केली. दुपारी माझ्या घरी अकरा जणी जमल्या, जमिनीवर, चेहरे फुगलेले. मी सांगितलं सगळं. नऊ माणसं, एक चूल, सात वर्षांचे कांदे, जळलेली मोहरी. सांगता सांगता माझंच मला हसू आलं आणि रडूही. मग अक्काच्या पोटातून ते शेत ओलांडणारं हसू निघालं.

"म्हणजे आम्ही तीन महिने हिच्या फोडणीसाठी फिरत होतो, अल्वा? हो ना?"

दात दाखवायला जाणारी म्हणाली, "मग आधीच सांगायचं नाही का री? सार्वजनिक हितासाठी कोण सही करतं? फोडणीसाठी करते मी. आण तो कागद."

पण ती तिसऱ्या दाराची बाई तशीच बसली होती. "आणि आमचं अकरा ते एक?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत टीचरम्मांनी उठून माझ्या स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, जागेचा अंदाज घेतला आणि जाहीर केलं, "दर गुरुवारी, अकरा ते एक, इथे." मला कोणी विचारलंही नाही. पटापट अकरा सह्या झाल्या. त्याच गुरुवारांतून पुढे आमच्या लेआउटचं महिला मंडळ झालं, पार्कसाठीची खटपट झाली, वाचनालयाचं पहिलं कपाट आलं, पण तेव्हा ते कोणाच्या डोक्यात नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली. साडेआठच्या बसमध्ये माझी मुलगी नवं दप्तर पाठीला लावून खिडकीशी बसली. हात हलवायचंसुद्धा विसरली. बस वळून दिसेनाशी झाली आणि मी तिथेच रस्त्यावर पदर खोचून दोन उड्या मारल्या. म्हशींशिवाय कोणी पाहिलं नाही.

पहिल्या गुरुवारी सकाळपासून मी माझ्या, फक्त माझ्या ओट्यावर अवलक्की, म्हणजे आपले पोहे, करायच्या तयारीत होते. दहाला बसचा हॉर्न वाजला. साडेआठची गाडी गावाहून परत आली होती. पाच मिनिटांनी दारात सासूबाई उभ्या. हातात पिशवी, पिशवीत कढीपत्त्याची फांदी.

"बस झाली म्हणे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "म्हटलं बघून येऊ. आता काय, दर गुरुवारी येता येईल."

अकराला बायका आल्या. सासूबाईंना पाहून सगळ्या त्यांच्याभोवती गोळा झाल्या. ज्यांच्या फोडणीबद्दल इतकं ऐकलं त्या याच का, अशा नजरेने. मी कढई ठेवली, तेल घातलं, मोहरीचा डबा उघडला.

"थांब, थांब," मागून आवाज आला. सासूबाई पदर खोचत पुढे आल्या. "तेल अजून तापलं नाही. तू कांदे चीर."

अक्का दाराच्या चौकटीला धरून हसत होती. मी पाट ओढला, सुरी घेतली आणि बारा जणींसाठी कांदे चिरायला बसले.