डाव्या विंगेत

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतो आहे. ओळखणाऱ्यांपैकी कुणालाही – बायकोलाही – हे मी आजवर सांगितलेलं नाही. एकदा ठरवलं होतं. चहा केला, तिला समोर बसवलं, घसा खाकरला, आणि मग घरातल्या बॉयलरच्या सर्व्हिसिंगबद्दल बोललो. धीर म्हणून जी काही चीज असते, ती माझ्याकडे एवढीच.

माझं नाव प्रसाद. मूळ पुण्याचा. नोकरी इंग्लंडात, बेसिंगस्टोकला, तिथल्या एका बिझनेस पार्कमध्ये, जिथे जेवणाच्या सुट्टीत जायला पार्किंग सोडून दुसरी जागा नाही. पण शनिवार आला की मी वॉटर्लूची गाडी पकडायचो, तिथून लंडनची ट्यूब बदलत हॅरोला. कशासाठी? नाटकासाठी. आमच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक. कॉलेजात मला दोन बक्षिसं होती, आणि ती मी इथे आल्यापासून प्रत्येक नव्या ओळखीच्या माणसाला सांगितलेली आहेत. आता तुम्हालाही सांगून झालं. मी कसा माणूस आहे ते लक्षात आलंच असेल.

काही वर्षांपूर्वी वसुधाताईंनी एक नाटक लिहिलं. वसुधाताई म्हणजे आमच्या दिग्दर्शिका, हॅरोच्या लायब्ररीत आयुष्य काढलेल्या, सत्तरीच्या, आवाज असा की माईकने घाबरावं. त्यांच्या शेजारी एक इटालियन बाई राहायच्या. त्या बाईंच्या खापरपणजोबांची गोष्ट त्यांनी कुंपणापलीकडून ऐकली आणि तिचं नाटक केलं. ‘गणपतीत इटलीचं नाटक?’ कमिटीतल्या लोकांनी नाकं मुरडली. ‘काहीतरी हलकंफुलकं करा की हो, ताई.’ ताईंनी ऐकून घेतलं आणि तालमींची वेळ जाहीर केली.

त्या खापरपणजोबांचं नाव कार्लो. उत्तर इटलीतल्या एका विणकराचा मुलगा. इटली तेव्हा तुकड्या-तुकड्यांत होती, इथे एक राजा, तिथे दुसरा, मध्ये परके. हा एकोणीस वर्षांचा, घरी न सांगता पळाला आणि त्या दाढीवाल्या सेनापतीच्या फौजेत सामील झाला. त्याच सेनापतीच्या नावाचं मनुकांचं बिस्कीट इथे सुपरमार्केटात मिळतं. ताई तालमीला तेच ठेवायच्या. लाल सदरे, गंजक्या बंदुका, आणि दोन बोटींतून सगळे निघाले सिसिलीला. चढणीवरून वरच्या शत्रूवर धावून जायचं, गोळ्या संपल्या तर संगिनी. कार्लोचा जिवलग दोस्त तिथेच पडला. हा मात्र वाचला, शहरं जिंकत वर सरकत गेला. आणि मग राजा आला, जिंकलेलं सगळं ताब्यात घेतलं, आणि लाल सदऱ्यांना सांगितलं – घरी जा, आता तुमची गरज नाही.

कार्लो घरी गेला. मागावर बसला. दोन वर्षांनी सेनापतीने पुन्हा हाक दिली, रोम अजून राहिलंय म्हणून, आणि हा मागावरून उठला. दक्षिणेतल्या डोंगरात, उपाशी, फाटक्या बुटांनी चालताना त्यांना समोरून सैन्य येताना दिसलं. इटलीचं सैन्य. यांनीच बनवलेल्या इटलीचं. ही पोरं आनंदाने ओरडली, आपली माणसं आली म्हणून. आणि त्या सैन्याने गोळ्या झाडल्या.

सेनापतीने हुकूम दिला होता – उलट गोळी झाडायची नाही. काहींनी झाडल्या. कार्लोने नाही. शेजारच्याची बंदूकही त्याने हाताने खाली दाबली. पुढे किल्ल्यात कैद, मग सुटका, मग पुन्हा माग. नातवंडांना तो मेलेल्या दोस्ताबद्दल सांगायचा, सिसिलीबद्दल सांगायचा. त्या डोंगराबद्दल त्याने कधी एक अक्षर काढलं नाही. नाटक तिथेच संपायचं, डोंगरावर.

कार्लो मी करणार होतो. ताईंनी फोनवर स्वतः सांगितलं होतं, ‘कार्लो तूच रे प्रसाद, दुसरं कोण आहे?’ मी दाढी वाढवली. ऑफिसात लोक विचारायला लागले, सगळं ठीक आहे ना म्हणून. ईलिंग रोडवरच्या शिंप्याकडे लाल सदरा टाकला, माझ्या मापाचा, माझ्या हौसेचा. पूर्ण संहिता पाठ केली – माझीच नाही, सगळ्यांची. गाडी चालवताना मी सेनापती व्हायचो, सिग्नलला थांबलो की कार्लो.

आणि एका शनिवारी मी हॉलमध्ये शिरलो, तर माझा सदरा मंडळातल्या नीलच्या अंगावर होता. ताई तोंडात टाचण्या धरून त्याच्या कमरेपाशी तो आत घेत होत्या. मला बघून त्यांनी टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, कार्लो एकोणीसचा आहे. तू चाळिशीचा. पोट बघ तुझं. तू विंगेत प्रॉम्प्टिंगला बस, अडलेल्याला शब्द दे, तुझ्याइतकं पाठ कुणालाच नाही.’

बरोबरच होतं की. आज म्हणतो बरोबर होतं. तेव्हा? एक फोन करता आला नसता? सदरा उसवायच्या आधी? मी हसलो, ‘उत्तम, उत्तम’ म्हणालो, एक बिस्कीट खाल्लं. इतक्या जणांसमोर आपला कोणी असा कचरा केला तर माणूस दुसरं काय करतो? इतका दगा मला वाटला होता – आणि त्या बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

नील इथेच जन्मलेला. तेवीसचा, नुकता नोकरीला लागलेला, उंच, डोळे असे की मागच्या रांगेतूनही दिसावेत. मराठी मात्र मोडकी. ‘माझा चप्पल कुठे आहे’ अशी. त्याच्या वडिलांची, मोहनकाकांची, आयुष्यभराची एकच इच्छा होती, पोराने एकदा तरी चारचौघांत नीट मराठी बोलावं. लहानपणापासून मंडळातले लोक त्याच्या मराठीला हसत आले होते. प्रेमानेच हसायचे, पण हसायचे. म्हणून तो बोलायचाच बंद झाला होता. हे नाटक त्याने वडिलांसाठी घेतलं होतं. मला त्यानेच सांगितलं.

कारण त्याला शिकवलं मी. हो, मीच. रोज जेवणाच्या सुट्टीत, बेसिंगस्टोकच्या त्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, फोनवर. रोमन अक्षरांत लिहिलेली वाक्यं तो वाचायचा आणि मी सुधारायचो. ‘ळ’ साठी जीभ कुठे लावायची, हे मी त्याला व्हिडिओवर तोंड उघडून दाखवलेलं आहे. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली होती. तो मला दादा म्हणायचा. खरं सांगू? मला तो आवडायचा. त्याची प्रगती बघून छाती भरून यायची आणि त्याच वेळी पोटात दुखायचं. दोन्ही एकदम होतं का कुणाला? मला व्हायचं.

आमची एक खूण ठरली होती. कार्लोच्या गळ्यात रुमाल असायचा. ‘दादा, मी स्टक झालो तर गाठ पकडेन. तू वर्ड दे.’ मी म्हणालो, ‘डाव्या विंगेत आहेच मी. काळजी करू नकोस.’ काळजी करू नकोस – हे माझे शब्द आहेत.

प्रयोगाच्या दिवशी हॅरोच्या त्या शाळेचा हॉल भरला होता. बाहेर मोदकांचा वास, आत पोरांचा गोंगाट. मोहनकाका पहिल्या रांगेत, सूट घालून. ऑफिसातल्या इंग्रज मित्रांनाही घेऊन आले होते, ज्यांना एक शब्द कळणार नव्हता. आणि नील – काय सांगू – पोरगं पेटलं होतं. दोस्ताच्या मरणाला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी विंगेत संहिता धरून बसलो होतो आणि ती मला एकदाही लागली नाही. एक शब्द अडला नाही त्याचा. लोक कुजबुजत होते, ‘हा मोहनचा मुलगा? हा?’

प्रत्येक टाळी मला लागत होती. ती टाळी माझी होती, सदरा माझा होता, उच्चारसुद्धा माझे होते. मी अंधारात, खुर्चीवर, पोट घेऊन.

शेवटचा प्रवेश. राजाचं सैन्य दिसत नाही, ते डाव्या विंगेच्या बाजूला आहे असं ठरलेलं. कार्लो तिकडे बघून आनंदाने हात हलवतो, मग गोळ्यांचा आवाज, सोबतचे दोघे बंदुका रोखतात, आणि कार्लोने त्या खाली दाबत म्हणायचं, ‘झाडू नका. ते आपलेच आहेत.’ मग दिवे मंदावतात.

नीलने हात हलवला. आवाज झाला. दोघांनी बंदुका रोखल्या. आणि नील थांबला.

मला वाटलं, अभिनय करतोय. मग त्याने रुमालाची गाठ धरली.

तो माझ्याकडे बघत होता, सरळ. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, हे मला अजून आठवतं. दादा आहे ना तिथे. मी तोंड उघडलं. ‘झाडू’ हा शब्द जिभेवर होता, श्वासही घेतला होता. आणि मी तोंड मिटलं.

ठरवून केलं का? नाही. चुकून झालं का? तेही नाही. तोंड मिटणारा मीच होतो. त्याने गाठ पुन्हा धरली, घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. बंदुका रोखलेले दोघे तसेच अवघडून उभे. मी संहितेकडे बघितलं, म्हणजे नजर चुकवायला काहीतरी हवं म्हणून. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मला तेव्हा काय वाटत होतं सांगू? बरं वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. बरं वाटत होतं.

शेवटी तो इंग्रजीत म्हणाला, ‘डोन्ट शूट. दे आर अवर ओन.’

आणि हॉल हसला. दुष्टपणे नाही. तेच, लहानपणापासूनचं, प्रेमाचं हसू – अरेरे, गेलं बघा इंग्रजीत! टाळ्याही पडल्या, भरपूर. मोहनकाका हसत नव्हते. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

आत आल्यावर नील माझ्याकडेच आला. मी मनात काय काय सबबी जुळवत होतो. आणि तो म्हणाला, ‘सॉरी, दादा. तू सांगितला असणार, मला ऐकूच नाही आला. माझा चूक.’

तेव्हा तरी? तेव्हा तरी खरं बोलायला काय हरकत होती? एवढं पोरगं माझी माफी मागत होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला – माझ्याच सदऱ्याच्या खांद्यावर – आणि म्हणालो, ‘दोनदा दिला रे शब्द. होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस.’

त्यानंतर नील मंडळात मराठी बोलला नाही. कोणी काही विचारलं की इंग्रजीत उत्तर, नम्रपणे. घरीही तेच, असं काका सांगायचे. आणि एकदा वेम्बलीला भाजीच्या दुकानात मला गाठून काळजीने म्हणाले, ‘अरे, त्याला वाटतंय त्याला ऐकू कमी येतं. तू दोनदा सांगूनही नाही आलं ना. डॉक्टरकडे गेलाय, कानांची तपासणी लावलीय.’ मी हातातल्या मेथीकडे बघत ‘अरे बापरे’ म्हणालो. एवढंच म्हणालो.

त्या दिवाळीच्या कार्यक्रमानंतर हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचायला मी आणि नील दोघेच उरलो होतो. त्याने एक खुर्ची ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘हॅड माय इयर्स टेस्टेड. परफेक्ट आहेत.’ मग बघितलं. विंगेकडे बघितलं होतं तसं, सरळ. मी काही बोललो नाही. दुसऱ्यांदा. त्याने पुढची खुर्ची उचलली.

तो वसुधाताईंना सांगू शकला असता. बापाला सांगू शकला असता, ज्याला अजून वाटतं की दोष पोराचाच. नाटक माझ्याइतकंच त्यालाही पाठ होतं. त्याने कुणालाही काही सांगितलं नाही.

दरवर्षी दिवाळीला मोहनकाका माझ्यासाठी फराळाचा डबा आणतात. नीलला मराठी शिकवली म्हणून. गेल्या वर्षी हात थरथरतात म्हणून डबा नीलच्या हातात होता. काका सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, ‘याने केवढी मेहनत घेतली होती रे तुझ्यावर.’ नील म्हणाला, ‘येस बाबा, ही डिड,’ आणि डबा माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. चकल्या होत्या, आणि बेसनाचे लाडू. मी ते खाल्ले.